आकाशातल्या माऱ्याला जमिनीवरचा डोळा हवा

1 सप्टेंबर 1965. जम्मूजवळच्या छांबच्या भागात पहाटेपासून पाकिस्तानी तोफा धडाडत होत्या आणि पॅटन रणगाडे अखनूरच्या दिशेने सरकत होते. अखनूरचा चिनाबवरचा पूल हातचा गेला असता, तर राजौरी-पूंछकडची रसद तुटली असती. त्या दुपारी दिल्लीत लष्करप्रमुख जनरल जयंतो नाथ चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांसमोर बसले होते. पायदळाला विमानांची मदत हवी होती, तीही अंधार पडायच्या आत. चव्हाणांनी वेळ न दवडता होकार दिला. पाच वाजून गेल्यावर पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमानं उडाली.

या होकाराचं मोल कळायला तीन वर्षं मागे जावं लागतं. 1962 मध्ये चीनविरुद्ध आपण लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. वाहतुकीच्या वैमानिकांनी शिकस्त केली, एएन-12 विमानांनी तर एएमएक्स-13 रणगाडे थेट लडाखमधल्या चुशुलला नेऊन उतरवले. पण खाली लढणाऱ्या पायदळासाठी आकाशातून एक गोळीही सुटली नाही. चिनी विमानं आपल्या शहरांवर येतील, या धास्तीने दिल्लीचे हात बांधले होते. त्या पराभवानंतर संरक्षण खातं चव्हाणांकडे आलं, आणि 1965 मध्ये त्यांनी ती धास्ती झुगारली. तो निर्णय योग्य होता. आजही त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्या संध्याकाळची दुसरी बाजूही सांगायला हवी. चार व्हॅम्पायर परत आली नाहीत. ती विमानं जुनी होती, पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांपुढे टिकणारी नव्हती. आणि मावळत्या उन्हात, धुळीच्या लोटांत, आपल्या वैमानिकांनी आपल्याच काही रणगाड्यांवर आणि वाहनांवर मारा केला. शत्रूची आगेकूच मंदावली, पण आपल्या माणसांनी आपलाच मारा झेलला. दिल्लीचा निर्णय काही मिनिटांत झाला होता. कमी पडला तो छांबच्या मातीवरचा दुवा: आपला रणगाडा कुठे संपतो आणि त्यांचा कुठे सुरू होतो, हे वरच्या वैमानिकाला सांगणारा माणूस.

साठ वर्षं झाली. विमानं बदलली, हेलिकॉप्टरं आली, लेझरवर चालणारे बॉम्ब आले. आणि तरी आपल्याकडची चर्चा विमान कुठलं घ्यायचं आणि ते कोणाच्या ताब्यात द्यायचं, या दोन प्रश्नांभोवतीच फिरते. माझं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. पहिला प्रश्न त्या माणसाचा आहे.

शत्रूशी हातघाईला आलेल्या सैनिकाला विमानाने मदत करणं हे हवाई युद्धातलं फार अवघड काम आहे. शत्रूच्या मुलुखातला पूल किंवा विमानतळ उडवायचा तर नकाशा आधी हातात असतो, छायाचित्रं असतात, तयारीला वेळ असतो. इथे आपलं पायदळ आणि शत्रू यांच्यात कधीकधी दोनशे-तीनशे मीटरचं अंतर उरतं. दोघेही खडकांत दडलेले, दोघांचे गणवेश वरून सारखेच मातकट. ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला नेमका खडक ओळखायला काही सेकंद मिळतात. त्याला कोणीतरी सांगावं लागतं: डावीकडच्या घळीत नाही, त्याच्या वरच्या सोंडेवर, आणि आम्ही तिच्या खाली आहोत. हे सांगणारा माणूस वैमानिकाच्या नजरेने जमीन वाचू शकणारा हवा आणि त्याच वेळी पायदळाच्या खांद्याला खांदा लावून उभा हवा.

तोफखान्याने ही अडचण फार पूर्वी सोडवली. आपल्या सैन्यात पायदळाची कंपनी, म्हणजे शंभरेक जवानांची तुकडी, चढाईला निघते तेव्हा तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी तिच्यासोबत चालतो. तो तिच्यासोबत चढतो, तिच्यासोबत गारठतो आणि अनेकदा तिच्यासोबत धारातीर्थी पडतो. अशा काही कंपन्यांच्या बटालियनच्या प्रमुखाशेजारी बॅटरी कमांडर, म्हणजे तोफांच्या तुकडीचा प्रमुख, असतो. मैलोगणती मागे असलेल्या तोफांना काय दिसायला हवं, ते पुढचा माणूस त्यांच्यासाठी पाहतो. नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, तिथे हे पिढ्यान्पिढ्या शिकवलं जातं. म्हणूनच पायदळाचा तोफांवर भरवसा असतो. कारगिलमध्ये बोफोर्सने शिखरं भाजून काढली, त्यामागे हीच घडी होती.

हवाई माऱ्याला अशी घडी मिळाली नाही. कोअरच्या, म्हणजे लष्कराच्या मोठ्या फौजेच्या, मुख्यालयाशी हवाई दलाचं टॅक्टिकल एअर सेंटर हे समन्वय केंद्र जोडलेलं असतं, हवाई तळावर लष्कराचे संपर्क अधिकारी असतात, आघाडीवरून विमानांना लक्ष्य सांगणारे प्रशिक्षित फॉरवर्ड एअर कंट्रोलरही असतात. व्यवस्था नाही असं मी म्हणत नाही. पण तोफखान्याचा अधिकारी जसा कंपनीचा होऊन जातो, तसा हवाई माऱ्याचा माणूस होत नाही. तो गरज पडली की येतो. आणि लढाईत गरज सांगून पडत नाही.

लोंगेवालाची गोष्ट महाराष्ट्रातही बहुतेकांना ठाऊक आहे. 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या मधली रात्र. राजस्थानच्या वाळवंटातल्या त्या ठाण्यावर 23 पंजाबची एक कंपनी, मेजर कुलदीप सिंग चांदपुरी तिचे प्रमुख. समोरून रणगाड्यांची रांग. जैसलमेरच्या तळावर मोजकी हंटर विमानं होती आणि ती रात्री लढण्यासाठी सज्ज नव्हती. कंपनीने उजाडेपर्यंत तग धरला. सूर्य वर आला तशी हंटर आली आणि उघड्या वाळूत सापडलेल्या रणगाड्यांची दाणादाण उडाली. ठाण्यावरच्या जवानांचं शौर्य आपण सांगतो, हंटरच्या वैमानिकांचं कौशल्यही सांगतो.

या कथेत आणखी एक विमान होतं, ते बहुधा गाळलं जातं. कृषक नावाचं, इथेच बनलेलं, लहानसं, संथ, पंख्याचं विमान. ते मेजर आत्मा सिंग उडवत होते. ते लष्कराच्या एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट या शाखेतले, म्हणजे ज्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना तोफांचा मारा वरून दुरुस्त करायला विमान चालवायला शिकवत, त्या परंपरेतले. रणगाड्यांच्या गोळीबाराच्या टप्प्यात घिरट्या घालत त्यांनी हंटरना लक्ष्यं दाखवली. लष्कराचा गणवेश, तोफखान्याची नजर, हातात विमानाची दांडी आणि रेडिओवर हवाई दलाचे वैमानिक. मला जो माणूस हवा आहे तो हाच. 1971 मध्ये तो आपल्याकडे होता.

आणि तिथे आकाश मोकळं होतं, हेही विसरू नये. पाकिस्तानी विमानं लोंगेवालावर फिरकलीच नाहीत, वाळवंटात लपायला आडोसा नव्हता, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं समोरच्यांच्या हाती नव्हती. कारगिलमध्ये यातलं काहीही अनुकूल नव्हतं.

1999 च्या मे महिन्यात घुसखोर शिखरांवर बसलेत हे कळल्यावर लष्कराने आधी हल्लेखोर हेलिकॉप्टरं मागितली. हवाई दलाचं म्हणणं पडलं की एवढ्या उंचीवर आपली हल्लेखोर हेलिकॉप्टरं काम करू शकत नाहीत आणि हवाई शक्ती उतरवायची तर सरकारची परवानगी हवी. दोन्ही मुद्दे खरे होते. तरीही त्यात मौल्यवान दिवस गेले. 25 मे रोजी परवानगी मिळाली, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर, आणि 26 मे रोजी मारा सुरू झाला. 27 मे रोजी मिग-27 चं इंजिन बंद पडून फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पाकिस्तानच्या हाती सापडले. त्यांचा शोध घेताना स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-21 क्षेपणास्त्राने पाडलं आणि ते शहीद झाले. 28 मे रोजी तोलोलिंगजवळ एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघेही गेले. तीन दिवसांत तीन यंत्रं आणि पाच जीव. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं माऱ्यातून काढून घेण्यात आली.

पुढे हवाई दल फार लवकर शिकलं. विरळ हवेत बॉम्बची वाट बदलते, सखल भागासाठी केलेली गणितं चुकतात, हे ओळखून नवी गणितं झाली. मिराज-2000 आणण्यात आली. 17 जूनला मुंथो ढालोचा रसदतळ उद्ध्वस्त झाला, 24 जूनला टायगर हिलवर लेझर निर्देशित बॉम्ब पडला. 4 जुलैला टायगर हिल आपलं झालं. या कामगिरीबद्दल मला नितांत आदर आहे. पण मुंथो ढालो हा उघड्यावरचा मोठा तळ होता, टायगर हिलचं लक्ष्य आधीपासून हेरलेलं होतं. तोलोलिंगच्या उतारावर, वरच्या बंकरमधून गोळ्या झेलत चढणाऱ्या कंपनीला त्या क्षणी, त्या बंकरवर, हाक मारल्यावर विमान मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. ती गोष्ट 1999 मध्ये आपल्याला जवळपास जमली नाही. ते काम बोफोर्सने केलं, कारण बोफोर्सचा माणूस त्या उतारावर होता.

कारगिलनंतर आपण काय शिकलो? यंत्राच्या बाबतीत बरंच. उंचावर उडणारं हल्लेखोर हेलिकॉप्टर हवं, ही गरज तिथूनच ठसठशीत झाली आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ‘प्रचंड’ घडवलं. 3 ऑक्टोबर 2022 रोजी ते जोधपूरला हवाई दलात दाखल झालं. मार्च 2025 मध्ये सरकारने आणखी 156 प्रचंडचा करार केला, किंमत सुमारे 62,700 कोटी रुपये. त्यातली 90 लष्कराला, 66 हवाई दलाला. त्याआधी अपाची आली: 22 हवाई दलाकडे, आणि वेगळ्या कराराने 6 लष्कराकडे.

या आकड्यांच्या मागे एक जुनं भांडण आहे. हल्लेखोर हेलिकॉप्टर म्हणजे उडणारा रणगाडा, ते आमच्या तुकड्यांचा भाग हवं, असं लष्कर म्हणतं. आकाशात उडणारं प्रत्येक शस्त्र एकाच नियोजनाखाली हवं, असं हवाई दल म्हणतं. 1986 मध्ये लष्कराचं स्वतःचं विमानदल उभं राहिलं, तरी हल्लेखोर हेलिकॉप्टरं हवाई दलाकडेच राहिली आणि वापर लष्करासाठी, असा मधला तोडगा निघाला. आता दोघांनाही स्वतःची हेलिकॉप्टरं मिळाली आहेत. एकाच डोंगरावर, एकाच कंपनीसाठी, दोन दलांची तीच हेलिकॉप्टरं येऊ शकतील. मग तर खालून बोलणाऱ्या माणसाची गरज दुप्पट झाली. दोन्ही दलांच्या वैमानिकांना सारखाच कळेल असा शब्द, सारखीच पद्धत, सारखाच नकाशा त्याच्याकडे लागेल.

हवाई दलाची बाजू इथे मला नीट मांडायची आहे, कारण लष्कराच्या गावांतून आलेले आपण बहुतेक जण ती ऐकूनच घेत नाही. हवाई दल म्हणतं: विमानं ही मोजकी आणि महागडी साधनं आहेत. आधी आकाश जिंकू द्या, मग शत्रूची रसद, पूल, इंधन तोडू द्या. खंदकासमोर एक बंकर फोडण्यापेक्षा त्या बंकरला दारूगोळा पोहोचवणारा रस्ता तोडला तर शंभर बंकर उपाशी पडतात. मुंथो ढालो हा त्याचा पुरावाच. आणि संथ, खालून उडणारी यंत्रं आज क्षेपणास्त्रांच्या तोंडी पडतात. युक्रेनमध्ये एसयू-25 सारखी खास या कामासाठी बनलेली विमानं झाडांच्या शेंड्यांवरून येतात, दुरूनच रॉकेटं वर भिरकावतात आणि वळून पळतात. आघाडीवर घिरट्या घालायची हिंमत दोन्ही बाजूंना राहिलेली नाही.

यातलं जवळजवळ सगळं मला मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष काढला जातो की जवळच्या लढाईतली हवाई मदत हे कालबाह्य काम आहे, तो मला मान्य नाही. विमान घिरट्या घालू शकत नाही, याचा अर्थ त्याला लक्ष्य शोधायला वेळच नाही. त्याला एकाच फेरीत, दुरून, अचूक मारा करायचा आहे. म्हणजे लक्ष्याचा नेमका ठावठिकाणा खालूनच यायला हवा. धोका वाढला तशी खालच्या माणसाची किंमत वाढली.

ड्रोनचंही तेच. पायदळाच्या हातात आता स्वतःची ड्रोन येत आहेत, मग विमानाची वाट कशाला पाहायची, असं अनेक तरुण अधिकारी म्हणतात. काही किलोचा स्फोटक ड्रोन खंदकातल्या दोघांना किंवा एखाद्या वाहनाला गाठतो. डोंगरात कोरलेल्या, दगड रचून पक्क्या केलेल्या बंकरला त्याने फारसं काही होत नाही. आणि एका अरुंद दरीत आपली ड्रोन, आपले तोफगोळे आणि आपली हेलिकॉप्टरं एकाच वेळी उडू लागली, तर त्यांची आपापसात टक्कर होऊ न देणारं कोणी लागतंच. तो पुन्हा तोच माणूस.

जगाचा अनुभव एका घटनेत दिसतो. 9 जून 2014 रोजी अफगाणिस्तानच्या झाबुल प्रांतात अमेरिकेच्या बी-1 बॉम्बर विमानाने आपल्याच तुकडीवर बॉम्ब टाकले. पाच अमेरिकी आणि एक अफगाण सैनिक मारला गेला. विमान अत्याधुनिक, बॉम्ब अचूक. सैनिकांच्या अंगावर ओळखीसाठी अवरक्त दिवे चमकत होते, पण ते दिवे पाहण्याची सोय त्या विमानाच्या उपकरणात नव्हती. हे वर कोणाच्या ध्यानात आलं नाही, खालच्यांनाही ठाऊक नव्हतं. अचूक शस्त्र चुकीच्या जागीही तितक्याच अचूकपणे पडतं. त्याच देशाच्या मरीन कोअरमध्ये मात्र एक प्रथा आहे: वैमानिकांना काही काळ पायदळाच्या बटालियनमध्ये पाठवतात. तो वैमानिक त्यांच्याबरोबर चालतो, झोपतो, आणि विमानांशी तोच बोलतो. वर असलेला त्याचा आवाज ओळखतो आणि खाली असलेले त्याचा चेहरा. आपल्याला अमेरिकेची विमानं घेण्याइतकाच रस या प्रथेत असता, तर किती बरं झालं असतं.

मग करायचं काय? उत्तर नाशिकच्या आसपासच आहे असं मला वाटतं. देवळालीला तोफखान्याचं स्कूल. नाशिक रोडच्या गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण स्कूल. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना, जिथे मिग-27 बनली आणि सुखोई-30 बनली. आत्मा सिंगांसारखी माणसं ज्या परंपरेतून आली, तिची मुळं याच परिसरात आहेत. इथे तिन्ही दलांचं एक संयुक्त स्कूल उभारा. तिथून बाहेर पडणारा माणूस तोफ, हेलिकॉप्टर, लढाऊ विमान आणि ड्रोन या चारही गोष्टींचा मारा बोलावू शकेल. हवाई दलाचे अधिकारी तिथे शिक्षक असोत आणि विद्यार्थीही. हल्लेखोर हेलिकॉप्टरच्या प्रत्येक वैमानिकाने तिथे काही महिने पायदळाच्या तुकडीत काढावेत, आणि तेही लडाख किंवा सिक्कीमच्या उंचीवर.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. हा माणूस अधिकारीच असला पाहिजे, हा हट्ट सोडायला हवा. कंपनीत अधिकारी मोजके असतात आणि चढाईत तेच आधी पडतात. हवालदार, नायब सुभेदार यांच्या हाती हे काम द्यायची आपली तयारी का नसावी? साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या, जिथे पिढ्यान्पिढ्या घराघरांतून माणूस सैन्यात जातो. तिथला बारावी झालेला, मोबाइलवर नकाशा सहज वाचणारा पोरगा आज हवालदार आहे. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या अशा हवालदाराच्या शब्दावर वैमानिकाने बॉम्ब सोडावा, हे आपल्या सैन्याच्या जुन्या सवयींना जड जाईल. इतर सैन्यांत हे रोज घडतं. हुद्द्याचा संकोच आपण डोंगरावर नेऊ नये.

पैशाचा मुद्दा टिकत नाही. 156 प्रचंडच्या करारातून, सोबतचं प्रशिक्षण आणि सामग्री धरून, एका हेलिकॉप्टरमागे सरासरी 400 कोटी रुपये पडतात. अशा दोन-तीन हेलिकॉप्टरांच्या पैशात हे स्कूल, त्याचे रेडिओ, लेझरची उपकरणं आणि कित्येक वर्षांची प्रशिक्षणं उभी राहतील असा माझा अंदाज आहे. मी प्रचंड कमी करा असं म्हणत नाही. सीमेवरच्या पायदळाला ती हवीतच. पण या कराराची हेलिकॉप्टरं तिसऱ्या वर्षापासून यायला लागतील आणि पुढची पाच वर्षं येत राहतील. तेवढा वेळ माणसं घडवायला पुरेसा आहे, जर आजच सुरुवात केली तर. हेलिकॉप्टर आल्यावर माणूस शोधू, असं झालं तर पहिली किंमत कोणीतरी चढावर मोजेल.

संरक्षणदलप्रमुखांचं पद 2020 च्या पहिल्या दिवशी अस्तित्वात आलं ते दलांमधल्या भिंती पाडायला. तिन्ही दलांच्या एकत्रित कमांड कधी, कशा उभ्या राहायच्या यावर वर्षानुवर्षं खल चालू आहे, कारण तिथे अधिकारांचा प्रश्न येतो, कोण कोणाच्या हाताखाली हा प्रश्न येतो. संयुक्त स्कूलला त्यातलं काहीच आड येत नाही. त्यासाठी कोणाची कमांड जात नाही, कोणाचं हेलिकॉप्टर जात नाही.

महाराष्ट्रातून संसदेत 48 खासदार लोकसभेवर आणि 19 राज्यसभेवर जातात. संरक्षणाची चर्चा निघाली की कोणतं विमान किती कोटींना घेतलं यावर ते बोलतात, आणि ते बोललंच पाहिजे. त्यांनी सरकारला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. उंचावर तैनात असलेल्या किती बटालियनमध्ये आज हवाई मारा बोलावू शकणारा प्रशिक्षित माणूस कायमचा आहे. गेल्या सरावांत कंपनीने मदत मागितल्यापासून पहिला मारा पडेपर्यंत किती मिनिटं लागली. आणि ती मिनिटं त्याआधीच्या वर्षापेक्षा कमी झाली का. नेमके आकडे गुप्त ठेवायचे असतील तर संरक्षणविषयक स्थायी समितीच्या बंद दारांआड द्या. पण ते कोणीतरी मागितले पाहिजेत, आणि दरवर्षी मागितले पाहिजेत.